बाथरूमचं नूतनीकरण : खर्च आणि साहित्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुख्यतः शहरातल्या फ्लॅटच्या बाथरूमसाठी आहे. उदाहरणांत ४ × ७ फुटांची खोली धरली आहे, कारण मुंबई, ठाणे, पुणे, नाशिककडच्या वन बीएचके आणि टू बीएचकेत साधारण याच मापाच्या आसपासची बाथरूम असते. दर ढोबळ आहेत. गाव, मजला, लिफ्टची सोय आणि मिस्त्री यांवर ते वरखाली होतात.

पूर्ण तोडून नवीन करायला एकूण किती खर्च येतो?

मध्यम दर्जाचं साहित्य घेतलं तर साधारण सव्वा ते सव्वादोन लाख रुपये. फोड अशी :

तोडफोड आणि राडारोडा बाहेर नेणे : १० ते १५ हजार
प्लंबिंग, पाइप-फिटिंग आणि मजुरी : २५ ते ३५ हजार
वॉटरप्रूफिंग आणि कोबा (फरशीखालचा विटा-सिमेंटचा थर) : १५ ते २५ हजार
टाइल्स, सुमारे १८० चौरस फूट : ९ ते १६ हजार
टाइल्सची मजुरी, अ‍ॅडहेसिव्ह, ग्राउट (सांध्यांत भरायचं मिश्रण) : १५ ते २२ हजार
कमोड, बेसिन, नळ, शॉवर : २५ ते ६० हजार
वायरिंग, गीझर, एक्झॉस्ट फॅन : १२ ते २० हजार
दरवाजा, ग्रॅनाइटची चौकट, फॉल्स सीलिंग : १५ ते २५ हजार

बहुतेकांचा सगळ्यात जास्त वेळ टाइल्सच्या दुकानात जातो आणि घासाघीसही तिथेच होते. पण चौरस फुटामागे १० रुपये कमी करून घेतले तरी १८० फुटांवर वाचतात फक्त १,८००. नळ आणि कमोडच्या ओळीत मात्र सहज ३५ हजारांचा फरक पडतो. वॉटरप्रूफिंगवर चुकून वाचवलेले ८ हजार तर पुढे सगळी खोली परत फोडायला लावू शकतात.

अंदाजपत्रकाबाहेर दहा टक्के हाताशी ठेवा. जुनी फरशी उचलल्यावर खाली काय निघेल ते आधी कोणीच सांगू शकत नाही. सडलेला पाइप, भुसभुशीत कोबा आणि स्लॅबची उघडी पडलेली गंजकी सळी ही नेहमीची मंडळी.

पैसे कमी असतील तर कुठे वाचवावे आणि कुठे नाही?

प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारा. ही बिघडली तर बदलताना काय फोडावं लागेल?

आरसा, टॉवेल रॉड, शॉवरची तोटी, हेल्थ फॉसेट, कमोडचं सीट कव्हर, बेसिनचा नळ, गीझर हे सगळं स्क्रू आणि पाना वापरून बदलता येतं. इथे स्वस्तात घेऊन दोन-चार वर्षांनी बदललं तरी चालतं. भिंतीतले पाइप, डायव्हर्टरची (गरम-थंड पाणी मिसळून नळ किंवा शॉवरकडे वळवणाऱ्या झडपेची) बॉडी, कन्सील्ड म्हणजे भिंतीत दडलेला स्टॉप कॉक, न्हाणी ट्रॅप (फरशीच्या जाळीखालचा निचऱ्याचा भाग), वॉटरप्रूफिंग आणि कन्सील्ड फ्लश टाकी बदलायला टाइल्स फोडाव्या लागतात, आणि तोवर तो डिझाइन नंबर बाजारातून गेलेला असतो. म्हणून यात हलका माल घेऊ नये.

बजेट फार ताणलं असेल तर भिंतीला साध्या १२ × १८ इंची सिरेमिक टाइल्स लावा, पण डायव्हर्टर नावाजलेल्या कंपनीचा, पितळी बॉडीचा आणि सुटं कार्ट्रिज (आतला फिरणारा भाग) मिळणारा घ्या.

सोसायटीची परवानगी लागते का?

लागते. अर्ज, कामाचं स्वरूप, कंत्राटदाराचं नाव आणि बहुतेक ठिकाणी परत मिळणारी अनामत रक्कम. दुपारी आणि रविवारी ठोकाठोक बंद असा नियम अनेक सोसायट्यांत असतो. त्यामुळे मिस्त्रीचा दिवस प्रत्यक्षात पाच-सहा तासांचा होतो. मजुरीचा भाव ठरवताना हे त्याला आधीच सांगा, नाहीतर ‘दिवस वाढले’ म्हणून नंतर वाद होतो.

राडारोडा सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून खाली न्यावा लागतो. कोबा धरून ४ × ७ च्या बाथरूममधून शंभरेक गोण्याही निघू शकतात, म्हणून तो खर्च ‘किरकोळ’ धरू नका. आणि तो कुठे टाकणार हे विचारा. रस्त्याकडेला किंवा नाल्यात टाकला तर महापालिकेच्या दंडाची पावती तुमच्या पत्त्यावर येऊ शकते.

खालच्या फ्लॅटच्या छतातून पाणी गळतंय. दुरुस्तीचा खर्च कोणाचा?

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची गळती दुरुस्त करणं हे सोसायटीचं काम. संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाचा. म्हणून आधी गळती नेमकी कुठली ते ठरवा.

थेंब चोवीस तास एकसारखे पडत असतील तर संशय भिंतीतल्या पाण्याच्या लाइनवर, कारण तिच्यात दाब कायम असतो. बाथरूमचा मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवा. सकाळी गळती कमी झाली तर उत्तर मिळालं. फक्त आंघोळीनंतर तास-दोन तासांनी ओल वाढत असेल तर ट्रॅपचा जोड, ड्रेनेज किंवा फरशीचं वॉटरप्रूफिंग. ट्रॅपमध्ये रंगीत पाणी ओतून खाली रंग दिसतो का ते पाहता येतं. फरशीसाठी जाळी बंद करून पाणी साठवून ठेवायचं.

लाइनच गळत असेल तर टाइल्सच्या सांध्यांत इपॉक्सी (राळेसारखं कडक होणारं रसायन) भरून काही होत नाही. तरीही ‘न फोडता गळती बंद’ म्हणून सरसकट हेच विकलं जातं. फरशीच्या सांध्यांतून पाणी मुरत असेल तर मात्र सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरल्यावर काही वर्षं निघू शकतात.

जुन्या टाइल्सवरच नव्या लावता येतात का?

भिंतीवर येतात, दोन अटींवर. जुन्या टाइल्स घट्ट हव्यात आणि आतली लाइन सुस्थितीत हवी. नाण्याने किंवा लाकडी मुठीने प्रत्येक टाइल वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर ती काढून खड्डा भरायचा. वरचा गुळगुळीतपणा ग्राइंडरने खरवडायचा आणि टाइलवर टाइल लावण्यासाठीचं पॉलिमरयुक्त अ‍ॅडहेसिव्ह वापरायचं. साधी सिमेंटची खळ तिथे धरत नाही.

तोडफोड, गोण्या आणि आवाज वाचतात. पण दोन्ही बाजूंनी मिळून इंचभर जागा जाते, जुने कन्सील्ड कॉक आणखी आत जातात (त्यांना एक्स्टेन्शन लागतं) आणि फरशीवर केलं तर दरवाजा खालून कापावा लागतो. पाणी बाहेरच्या खोलीत येऊ नये म्हणून उंबराही वाढवावा लागतो.

गळती असेल, किंवा आत जुने जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप असतील, तर हा मार्ग नको. गंजत चाललेल्या लाइनवर नवी टाइल लावणं म्हणजे तीच टाइल पुन्हा फोडायची सोय.

वॉटरप्रूफिंग नीट केलं म्हणजे नेमकं काय केलं?

पायऱ्या अशा :

फरशी आणि जुना कोबा काढून स्लॅबपर्यंत जायचं. बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला, म्हणजे ‘संक’ असेल तर त्यातलं सगळं भरण काढायचं. स्लॅब ब्रशने घासून, धुऊन स्वच्छ करायचा. भेगा व्ही आकारात उघडून पॉलिमर मॉर्टरने भरायच्या. पाइप स्लॅबमधून किंवा भिंतीतून जातो तिथे चहूबाजूंनी खोबण करून न आकसणाऱ्या ग्राउटने भरायचं. गळतीची निम्मी प्रकरणं तरी पाइपाभोवतीच्या त्या गोलात दडलेली असावीत असं वाटण्याइतकी ही जागा वाईट आहे.

भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई करायची. काटकोनात लावलेला थर तिथेच तडकतो.

मग पॉलिमरयुक्त सिमेंटच्या लेपाचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. भिंतीवर किमान एक फूट, शॉवरच्या भागात सहा फुटांपर्यंत. दोन हातांमधलं अंतर आणि पाण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. ते मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका. लेप वाळल्यावर ट्रॅपचं तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी ४८ ते ७२ तास उभं ठेवायचं आणि खालच्यांच्या घरी जाऊन छत बघून यायचं. पाणी भरल्यावर पातळीची खूण भिंतीवर पेन्सिलने करून ठेवा.

यानंतर ड्रेनेजचे पाइप, मग भरण. इथे ठेकेदार तोडफोडीतलाच राडारोडा आत टाकतात, कारण त्यांच्या गोण्या वाचतात. त्यात प्लॅस्टर, टाइल्सचे तुकडे, माती असं सगळं असतं. ते बसत जातं, पाइपचे जोड ताणले जातात आणि पाणी धरून ठेवतं. भाजलेल्या विटांच्या तुकड्यांचा कोबा, सिमेंटच्या मसाल्यात, हा जुना आणि भरवशाचा प्रकार. वजन कमी ठेवायचं म्हणून एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकचे तुकडे वापरतात, पण ते पाणी पितात. वर आणि खाली दोन्ही लेप चोख असतील तरच ते वापरा.

कोब्यावर उतार काढून पुन्हा लेपाचे दोन हात आणि पुन्हा पाणी भरून परीक्षा. मग टाइल्स. दुसरी परीक्षा वगळायचा आग्रह होतो, कारण तीन दिवस काम थांबतं. मजुरांना त्या तीन दिवसांत दुसरीकडे जाऊ द्या, पण परीक्षा करा.

उतार किती असावा?

चार फुटांत अर्धा ते पाऊण इंच. याहून कमी असेल तर पाणी साचतं, जास्त असेल तर पाय घसरतो आणि बादली कलते. जाळी कोपऱ्यात किंवा शॉवरखाली ठेवा, दारासमोर नको. टाइल्स लावून झाल्यावर, ग्राउट भरण्याआधी, बादलीभर पाणी ओतून पाहा. डबकं राहिलं तर तेवढ्या दोन टाइल्स तेव्हाच उचलता येतात.

सिरेमिक, विट्रीफाइड, पोर्सेलिन : बाथरूमला काय घ्यावं?

भिंतीला सिरेमिक पुरेसं आहे. भिंतीच्या सिरेमिक टाइल्स सच्छिद्र असतात, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषू शकतात. त्यामुळे सिमेंटला चांगल्या धरतात. हलक्या आहेत, कापायला सोप्या आहेत. विट्रीफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषते. फरशीला हे उत्तम, पण भिंतीवर नुसत्या सिमेंटच्या खळीने लावली तर काही वर्षांत सुटून येते, कारण खळीला आत शिरायला जागाच नसते. विट्रीफाइड भिंतीवर लावायची तर अ‍ॅडहेसिव्हचा खर्च धरूनच विचार करा. पोर्सेलिनही कमी पाणी शोषणारं, त्यामुळे त्यालाही हेच लागू.

देशातल्या बहुतेक टाइल्स गुजरातमधल्या मोरबीहून येतात. मोठ्या ब्रँडचाही काही माल तिथल्याच कारखान्यांत बनतो. तेव्हा ब्रँड नसलेला माल वाईटच, असं नाही. प्रीमियम ग्रेडचा आहे ना, बॉक्सवरचा बॅच आणि शेड नंबर सगळ्या बॉक्सवर एकच आहे ना, हे पाहा. दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा. मध्ये उजेड दिसला तर टाइल वाकलेली आहे आणि सांध्यावर ओठ (वर आलेली कड) राहणार.

फरशीला मॅट किंवा खरखरीत पृष्ठभागाची, आर-१० किंवा आर-११ दर्जाची टाइल घ्या (‘आर’चा आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त). आर-९ कोरड्या खोलीसाठी ठीक. दुकानात नमुन्यावर पाणी ओतून, चप्पल काढून उभं राहायला लाजू नका. फार खडबडीतही नको, तिच्यात साबणाचा मळ बसतो आणि रोज घासावी लागते.

२ × ४ फुटांच्या मोठ्या टाइल्स लहान बाथरूममध्ये शोभतात का?

भिंतीवर दिसतात छान. सांधे कमी, साफसफाई सोपी. पण चार फुटी भिंतीत दरवाजा, खिडकी, कॉक, डायव्हर्टर येतात आणि कापलेला तुकडा दुसरीकडे बसत नाही. दहा टक्क्यांऐवजी पंधरा-वीस टक्के नुकसान धरा. मजुरीचा दरही जास्त असतो आणि कडा ४५ अंशांत घासून कोपरा मिळवायचा असेल तर रनिंग फुटावर (लांबीच्या दर फुटामागे) वेगळे पैसे लागतात.

फरशीला मोठी टाइल टाळा. चारही बाजूंनी एका जाळीकडे उतार द्यायचा तर मोठी टाइल तिरपी कापावी लागते, ते तुकडे कागदाच्या पाकिटासारखे दिसतात. ३०० × ३०० मिमीची टाइल उताराबरोबर सहज वळते. मोठीच हवी असेल तर एका भिंतीलगत लांब जाळी लावून एकाच दिशेला उतार काढावा.

टाइल्स किती मागवायच्या? दुकानदार सांगतो तो आकडा बरोबर असतो का?

स्वतः मोजा. ४ × ७ फुटांची बाथरूम, टाइल्स दरवाजाच्या उंचीपर्यंत, म्हणजे ७ फूट. घेर २२ फूट, गुणिले ७, म्हणजे १५४. त्यातून दरवाजाचे अडीच गुणिले सात, साडेसतरा वजा. उरले १३६.५. छोटी खिडकी वजा करू नका, तिच्या बाजूंना टाइल्स लागतात. दहा टक्के मिळवून १५०.

इथे एक मेख आहे. ‘१२ × १८’ ही बोली. टाइल प्रत्यक्षात ३०० × ४५० मिमी असते. बोलीप्रमाणे दीड चौरस फूट, मापाने १.४५. सहा टाइल्सच्या बॉक्समध्ये ९ नव्हे तर ८.७ चौरस फूट. १५० भागिले ९ केलं तर १७ बॉक्स, भागिले ८.७ केलं तर १८. बॉक्सवर चौरस मीटर छापलेले असतात. त्यांना १०.७६ ने गुणा म्हणजे खरे चौरस फूट मिळतील.

फरशी २८, दहा टक्के मिळवून ३१. ३०० × ३०० च्या ३२ टाइल्स.

एक बॉक्स जास्तीचा घ्या आणि न उघडलेले बॉक्स परत घेतील असं बिलावर लिहून घ्या. नंतर आणलेल्या बॉक्सची छटा जुळेलच याची खात्री नाही.

टाइल सिमेंटने लावावी की अ‍ॅडहेसिव्हने?

सिरेमिकला सिमेंट चालतं. त्यासाठी टाइल आधी पाण्यात नीट भिजवावी लागते, बुडबुडे थांबेपर्यंत. अ‍ॅडहेसिव्हला टाइल भिजवायची नाही. जुन्या वळणाचे मिस्त्री सवयीने भिजवतात आणि मग चिकटत नाही म्हणून मालाला नावं ठेवतात.

अ‍ॅडहेसिव्हच्या पिशवीवर भारतीय मानक आयएस १५४७७ आणि प्रकार छापलेला असतो. सिरेमिकला टाइप १, विट्रीफाइडला टाइप २, मोठ्या किंवा जड टाइलला आणि टाइलवर टाइल लावायला त्यावरचा प्रकार. २० किलोची पिशवी ३ मिमी थराला साधारण ४५ ते ५० चौरस फूट पुरते. आपल्या बाथरूमला चार पिशव्या. प्लॅस्टर ओळंब्यात नसेल तर थर जाड होतो आणि चाराच्या आठ होतात. त्यामुळे आधी प्लॅस्टर सरळ करून घेणं स्वस्त पडतं.

दातेरी थापीने सबंध पाठीवर थर हवा. चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे पाच गोळे ठेवून टाइल दाबली की काम झटपट होतं, पण मागे पोकळी राहते. तिथे ड्रिल मारताना टाइल फुटते. लावलेली एक टाइल अधूनमधून उचलायला लावून पाठ तपासा.

ग्राउट इपॉक्सी घ्यावं का?

फरशीला आणि शॉवरच्या भागाला हो, उरलेल्या भिंतींना सिमेंटचं चालेल. इपॉक्सी पाणी मुरू देत नाही आणि काळं पडत नाही. किंमत काही पटींनी जास्त आहे. भरल्यावर ठरलेल्या वेळात स्पंजने पुसलं नाही तर टाइलवर चिवट पापुद्रा राहतो, म्हणून माहितगार माणूस हवा. सांधा २ ते ३ मिमी ठेवा, स्पेसर लावून. ‘सांधाच दिसू नये’ हा हट्ट सोडा. बंद सांध्यात ग्राउट जात नाही, पाणी मात्र जातं.

पाइप कोणते?

गरम पाण्याला सीपीव्हीसी (उष्णता सोसणारं प्लॅस्टिक). ते ९३ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्याला चालतं. थंड पाण्याला यूपीव्हीसी (साधं कडक प्लॅस्टिक) स्वस्त आहे, पण एवढ्याशा खोलीत फरक फार पडत नाही, म्हणून दोन्ही लाइन सीपीव्हीसीच टाका. चुकून अदलाबदल होण्याची भानगड नाही. दोन्ही पाइपांचे सोल्व्हंट सिमेंट वेगळे असतात. यूपीव्हीसीचा डबा सीपीव्हीसीला वापरणं हे गळतीचं ठरलेलं कारण.

नळ बसतो ते फिटिंग आत पितळी आटे असलेलं घ्या. प्लॅस्टिकचे आटे नळ आवळताना तडकतात आणि ते टाइल्स लागल्यानंतर कळतं. गीझरच्या तोंडाला सीपीव्हीसी थेट जोडू नका, मध्ये जाळीदार कनेक्शन पाइप हवा.

जोड वाळायला एक दिवस द्या. मग सगळी तोंडं डमी लावून बंद करा आणि हातपंपाने दाब द्या. गेजचा काटा रात्रभर हलला नाही तरच प्लॅस्टर. दाबाची परीक्षा न करता ‘नळ चालू करून बघितलं, गळत नाही’ हे पुरेसं नाही. उंच इमारतीत पहाटे टाकी भरलेली असताना खालच्या मजल्यांवर दाब बराच वाढतो.

प्लॅस्टर करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा, मोजपट्टी धरून, फोटो काढा.

नव्या इमारतीत भिंत फोडून पाइप टाकू का?

आधी भिंत कसली आहे ते विचारा. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच उंच इमारती अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या आहेत, ज्यांना सगळे माइव्हान म्हणतात. तिथे भिंतच इमारतीचा भार घेते. तिच्यात झिरी मारणं म्हणजे सळी उघडी पाडणं. अशा ठिकाणी जुनेच पॉइंट वापरा, किंवा भिंतीपुढे चार इंची ब्लॉकची पडदी उभारून तिच्यात पाइप घ्या. विटांच्या इमारतीतही कॉलम आणि बीम यांना हात लावायचा नाही.

डायव्हर्टर बसवताना काय चुकतं?

खोली. बॉडीवर प्लॅस्टिकची टोपी असते, तिच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोहोंमध्ये यायला हवा. प्लॅस्टर १२ ते १५ मिमी, अ‍ॅडहेसिव्ह ३ ते ५, टाइल ८-९. म्हणजे विटेपासून टाइलपर्यंत साधारण २५ ते ३० मिमी. प्लंबरच्या हातात तुमची टाइल दिली की तो बरोबर बसवतो. टाइल ठरायच्या आत डायव्हर्टर बसवला की तो एकतर आत बुडतो किंवा पुढे आलेला दिसतो.

दुसरी चूक उंचीची. सगळ्या उंच्या तयार फरशीपासून मोजायच्या. स्लॅबपासून मोजल्या आणि नंतर कोबा चढला की बेसिन मुलांच्या उंचीचं होतं. बेसिनची वरची कड ३२ ते ३३ इंच, शॉवर ७ फुटांच्या आसपास.

कमोड घेताना काय मोजायचं?

जुन्या कमोडचं निचऱ्याचं तोंड. फरशीत असेल तर एस ट्रॅप, भिंतीत असेल तर पी ट्रॅप. एस ट्रॅपला तयार भिंतीपासून तोंडाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. बाजारात ४, ९ आणि १२ इंची मिळतात. जुन्या टाइलवर नवी टाइल लागल्यावर हे अंतर अर्ध्या इंचाने कमी होतं, हे विसरून घेतलेला कमोड परत करायला जाणारे पुष्कळ.

भिंतीवर टांगलेल्या कमोडखाली फरशी पुसता येते, खोली मोठी वाटते. पण त्याला लोखंडी फ्रेम किंवा पक्क्या भिंतीत बोल्ट आणि मागे कन्सील्ड टाकी लागते. टाकीचे सुटे भाग बटणाच्या पट्टीमागच्या चौकोनातून निघतात का, आणि ते तुमच्या शहरात मिळतात का, हे विचारून मगच घ्या. चार इंची पडदीवर फ्रेमशिवाय टांगणं धोक्याचं. काटकसरीत जमिनीवर बसणारा, टाकी जोडलेला एकसंध कमोड बरा. फ्लश दोन बटणांचा, ३ आणि ६ लिटरचा घ्या.

नळ पितळी आहे हे कसं ओळखायचं?

वजनाने. शिवाय कार्ट्रिजची हमी, सुटा भाग मिळण्याची सोय आणि क्रोमचा थर पाहायचा. काळे आणि सोनेरी नळ फोटोत सुरेख दिसतात. बोअरिंगचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर त्यांच्यावर पांढरे डाग पडतात आणि ते घालवायला आम्ल लावलं की रंग जातो. जड पाण्याच्या घरात साधं क्रोमच घ्या, नळाच्या तोंडाची जाळी महिन्या-दोन महिन्यांनी काढून व्हिनेगरमध्ये बुडवा.

गीझरसाठी काय तयारी?

१५ लिटरचा, २ किलोवॉटचा गीझर साधारण ९ अँपिअर घेतो, ३ किलोवॉटचा इन्स्टंट १३. दोन्हींना १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, जाड वायर (४ चौरस मिमी असली की चिंता नाही), अर्थिंग आणि बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). शेवटच्यावर वाद घालू नये, तो जिवाचा प्रश्न आहे. स्विच बाथरूमबाहेर. उंच इमारतीत ८ बार दाबाचा गीझर घ्या.

काचेचं पार्टिशन घ्यावं का?

चार फूट रुंदीत नको. ८ किंवा १० मिमीची टफन्ड काच, बिजागऱ्या, वर रोजचं पुसणं. ग्रॅनाइटची इंचभर उंच पट्टी आणि पडदा एवढ्यात ओलं-कोरडं वेगळं राहतं.

दरवाजा कसला?

चौकट ग्रॅनाइटची, दार डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लॅस्टिकचं मिश्रण) किंवा एफआरपीचं (फायबरचं). लाकडी फ्लश दार खालून फुगतंच.

कोकण-गोव्याकडच्या घरात काही वेगळं?

जांभ्याची भिंत सच्छिद्र असते, ओल लांबवर नेते. वॉटरप्रूफिंगचा लेप तिथे भिंतीवर एक फुटावर थांबवू नका, टाइल्सच्या सगळ्या उंचीला द्या. हँगर, बेसिनचे बोल्ट जांभ्यात सैल होतात. मागे काँक्रीटचा ठोकळा घालून मग बसवा. खारी हवा असेल तर स्क्रू, बिजागऱ्या, जाळ्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्याच.

ठेकेदाराला मालासकट काम द्यावं की फक्त मजुरीवर?

बाजारात फिरायला वेळ असेल तर मजुरीवर. पण मग सिमेंट, वाळू, टेफ्लॉन टेपपर्यंत पळापळ तुमची, आणि माल पोचला नाही तो दिवस तुमच्या खर्चात. मधला मार्ग बऱ्याच जणांना सोयीचा पडतो : टाइल्स, कमोड, नळ तुम्ही आणायचे, पाइप, सिमेंट, रसायनं ठेकेदाराची, ब्रँड आणि प्रकार लिहून घेऊन.

कोटेशनमध्ये ‘बाथरूम पूर्ण, लमसम’ एवढंच असेल तर परत पाठवा. त्यात हवं : प्लंबिंगचे पॉइंट किती, वॉटरप्रूफिंग कोणत्या नावाचं आणि किती हात, पाणी भरून परीक्षा किती वेळा, टाइल्सचा दर चौरस फुटाने, कडा घासणं आणि ग्रॅनाइटची पट्टी रनिंग फुटाने, कोनाडा, भोकं पाडणं, राडारोडा, जीएसटी.

पैसे टप्प्यांत द्या. सुरुवातीला २० टक्के, दाबाच्या परीक्षेनंतर २५, दुसऱ्या पाणी-परीक्षेनंतर २०, टाइल्स झाल्यावर २५. शेवटचे १० सगळं बसवून, आठ-पंधरा दिवस वापरून झाल्यावर. अर्धी रक्कम आगाऊ मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

किती दिवस लागतात?

एकोणीस ते एकवीस. तोडफोड दोन-तीन, प्लंबिंग तीन, वॉटरप्रूफिंग आणि दोन परीक्षा मिळून आठ-नऊ, टाइल्स चार, फिटिंग दोन. ‘आठ दिवसांत करून देतो’ म्हणणाऱ्याला पाणी किती तास भरून ठेवणार ते विचारा. घरात एकच बाथरूम असेल तर शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा. पावसाळ्यात लेप आणि प्लॅस्टर वाळायला जास्त वेळ लागतो.

काम झाल्यावर मिस्त्री अ‍ॅसिडने फरशी धुतो. चालतं का?

नाही. अ‍ॅसिडने सिमेंटचं ग्राउट खाल्लं जातं, क्रोम काळवंडतं आणि जाळीला गंज चढतो. सिमेंटचे डाग ओले असतानाच पुसायला लावा. राहिलेच तर टाइल्ससाठीचं सौम्य क्लीनर, प्लॅस्टिकचा ब्रश आणि भरपूर पाणी. नळ आणि जाळ्यांवर त्या वेळी पिशवी बांधून ठेवा.